नाजूक जागेची जखम : लाज नको, निदान हवे

रोवणीचे दिवस होते. उमरेडजवळच्या एका गावात धानाच्या बांधीत दोरी धरून ओळीत रोवणी कशी करायची, हे दाखवायला मी गेले होते. दुपारी काम थांबले. बाया धुऱ्यावर शिदोरी सोडून बसल्या. एक बाई मात्र मागे रेंगाळली. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, "मॅडम, तुमच्याजवळ फोडावरची दवाई असते का जी?"

मी कृषी विस्तार अधिकारी. दवाई म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे बुरशीनाशकच येते. मी विचारले, "पानावर फोड आले का? एखादे पान तोडून दाखवा बरं."

तिच्या डोळ्यांत पाणी आले. "धानावर नाही जी. माह्या पोरीले आले. लघवीच्या जागी. कोणाले सांगू?"

पोर तेरा वर्षांची. आधी चार दिवस ताप आला, घसा धरला. ताप उतरला आणि नाजूक जागी दोन खोल जखमा झाल्या. लघवीला बसली की पोर किंचाळायची, म्हणून तिने पाणी पिणेच सोडले होते. आईने हळद आणि कडुनिंबाचा पाला वाटून लावला. त्याने आग वाढली. आजी म्हणाली, "पोरीनं काही केलं असंल." तेव्हापासून बाप घरात कोणाशी बोलत नव्हता आणि पोरीची शाळा बंद झाली होती.

माझी पदवी शेतीची. माणसाच्या औषधातले मला काय कळणार? पण एक गोष्ट मी तीस वर्षे शेतकऱ्यांना सांगत आले आहे, तीच तिला सांगितली. पानावर डाग दिसला म्हणून कोणी लगेच फवारणी करते का? करप्याचा डाग वेगळा, कडाकरप्याचा वेगळा, जस्त कमी पडले तर येणारे ठिपके वेगळे. आधी पाहायचे, मग ओळखायचे, आणि औषध शेवटी. पोरीला डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तिच्यावर कोणी बोट ठेवायचे नाही.

दुसऱ्या दिवशी एसटीने आम्ही तिघी नागपूरला गेलो. डॉक्टरबाईंनी पोरीला जवळ घेतले, आईला बाजूला बसवले आणि सावकाश तपासले. पोरीशी एकटीशीही बोलल्या. रक्त तपासले. मग म्हणाल्या, "ही तापानंतर येणारी जखम आहे. कोणापासून लागलेली नाही. पोरीचा काही दोष नाही." दुखणे कमी करणारी औषधे आणि मलम दिले. दोन-अडीच आठवड्यांत जखमा भरल्या आणि वणही राहिला नाही.

त्यानंतर मी डॉक्टरबाईंना पुष्कळ प्रश्न विचारले आणि कळले ते टिपून ठेवले. ते आज आपल्या भगिनींसमोर ठेवते. बंधूंनीही हे वाचावे. वाचून पान उलटवू नये.

शंभरात ब्याण्णव

हा एका घराचा प्रश्न नाही. नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी असे पुढे गेले की गडचिरोली लागते. तिथे डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या विलायतेतल्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले आणि जगभरच्या डॉक्टरांना विचार करावा लागला. शंभरातल्या ९२ स्त्रियांना प्रजनन अवयवांचा एक तरी आजार निघाला. सरासरी एका बाईला ३.६ आजार होते. आपल्याला त्रास आहे असे सांगणाऱ्या मात्र शंभरात ५५ होत्या. आणि या आजारासाठी पूर्वी तपासणी व उपचार झालेल्या शंभरात अवघ्या ८.

म्हणजे दुखणे होते, पण ते दुखणे आहे हेही पुष्कळींना ठाऊक नव्हते. बाईच्या जातीला हे चालायचेच, असे समजून त्या रोवत होत्या, निंदत होत्या, कापूस वेचत होत्या. त्या तपासणीत जखमांखेरीज इतरही अनेक आजार होते. पण न बोलण्याची रीत सगळ्यांना सारखीच लागू आहे.

जखम कशाकशाने होते?

सर्वांत मोठा गैरसमज असा, की नाजूक जागी जखम झाली म्हणजे वाईट चालीचा आजार. हे खरे नाही. कारणे अनेक आहेत आणि त्यांतली कित्येक शरीरसंबंधाशी संबंध नसलेली आहेत. ती आधी पाहू.

तापानंतरची जखम. वयात येणाऱ्या आणि तरुण मुलींना विषाणूच्या तापानंतर अचानक खोल, फार दुखणारी जखम होते. व्हिएन्नाचे डॉक्टर लिपशुट्झ यांनी १९१३ साली तिचे वर्णन केले, म्हणून तिला त्यांचे नाव आहे. ती कोणाला लागत नाही. बहुधा दोन-तीन आठवड्यांत आपोआप भरते.

तोंड येते तशी जखम. काहींना तोंडात वारंवार फोड येतात, तसेच खालीही येतात. त्यासोबत डोळे लाल होणे, दुखणे, अंधुक दिसणे असे असेल तर बेहचेट नावाचा आजार असू शकतो. त्यात डोळ्यांना धोका असतो, म्हणून डॉक्टरांना तोंडाचे आणि डोळ्यांचेही आवर्जून सांगावे.

औषधाची जखम. काही जणींना ठरावीक गोळी घेतली की दर वेळी त्याच जागी काळसर चट्टा उठतो आणि तो सोलवटतो. सल्फाच्या गोळ्या, काही दुखण्याच्या गोळ्या यांनी असे होते. गोळीचे वेष्टन जपून ठेवा आणि दाखवा.

जळजळीत पदार्थांची जखम. डेटॉल, वासाचे साबण, लाल औषधाचे दाट पाणी, चुना, तंबाखूची राख असे काहीही त्या जागी लावले की चामडी भाजते. इथे मला आपल्या भागाचेही सांगायचे आहे. भिवापुरी मिरची तोडल्यावर, खुडल्यावर तशाच हातांनी लघवीला जाऊ नका. फवारणीत लुगडे औषधाने भिजले तर संध्याकाळपर्यंत अंगावर वाळवू नका. काम तिथेच थांबवून अंग साबणाने धुवा आणि कपडे बदला. औषध चामडी जाळते आणि चामडीतून अंगातही जाते.

खाजवून झालेली जखम. बुरशीचा संसर्ग झाला की खाज सुटते. दिवसभर चिखलात उभे राहून कपडा ओला राहिला की ती वाढते. खाजवून चिरा पडतात. अशी खाज पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्यावी. मधुमेहाची पहिली खूण कित्येक बायांत हीच असते.

चामडीचे जुने आजार. पाळी गेलेल्या बायांत ती जागा पांढरी, पातळ, कागदासारखी होते, रात्री खाज सुटते आणि चिरा पडतात. हा लायकेन नावाचा आजार असू शकतो. तो औषधाने ताब्यात राहतो, पण बराच काळ लक्ष ठेवावे लागते.

शरीरसंबंधातून लागणाऱ्या जखमा

आता दुसरा गट. यांतला सर्वांत जास्त आढळणारा आजार नागीण जातीच्या विषाणूचा, म्हणजे हर्पीस. आधी आग होते, मग पाण्याने भरलेले बारीक फोडांचे घोस येतात. ते फुटून उथळ जखमा होतात. पहिल्या खेपेला ताप, अंगदुखी, जांघेत गाठी आणि लघवीला फार आग. दोन-तीन आठवड्यांत भरते, पण विषाणू नसांत दडून राहतो आणि पुन्हा कधीतरी डोके वर काढतो. पुढच्या खेपा सहसा सौम्य असतात.

एक गोष्ट अधोरेखित करून सांगते. हा विषाणू अंगात शिरल्यानंतर कित्येक वर्षे काही न दिसता राहू शकतो. ज्याच्याकडून लागला त्यालाही कधी फोड आलेले नसतील. म्हणून फोड आज दिसले, तेवढ्यावरून नवऱ्याने बायकोवर किंवा बायकोने नवऱ्यावर कालपरवाचा आरोप करू नये.

दुसरा आजार गरमी, म्हणजे सिफिलिस. याची जखम बहुधा एकच असते, कडा टणक असतात आणि ती दुखत नाही. धोका नेमका इथेच आहे. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी ती येते आणि तीन ते सहा आठवड्यांत औषधावाचून बुजते. बाईला वाटते, बरे झाले. पण आजार रक्तात पसरलेला असतो. काही आठवड्यांनी अंगावर, तळहातांवर, तळपायांवर पुरळ उठते, तेही जाते. मग वर्षानुवर्षे आत राहून तो हृदय, मेंदू यांना धक्का देतो. गरोदर बाईला असला तर गर्भ पडतो, मूल मेलेले जन्मते किंवा आजार घेऊन जन्मते. एखाद्या घरात दोन-तीनदा असे झाले की सुनेला पांढऱ्या पायाची म्हणतात. कारण मात्र कधीकधी एका रक्ततपासणीत सापडण्यासारखे असते. प्रत्येक गरोदरपणात ही तपासणी करून घेणे म्हणूनच गरजेचे.

आणखी काही कमी आढळणारे आजार आहेत. शॅन्क्रॉइडची जखम मऊ, मळकट आणि फार दुखणारी. जांघेत गाठ येऊन ती फुटतेही. डोनोव्हॅनोसिसची जखम लाल मांसासारखी, सहज रक्त येणारी, पण न दुखणारी, आणि हळूहळू पसरत जाणारी. मद्रासला काम करणाऱ्या डॉ. डोनोव्हन यांनी १९०५ साली तिचे जंतू पाहिले, म्हणून हे नाव.

अशी कुठलीही उघडी जखम असली की एचआयव्हीला अंगात शिरायला वाट मिळते. म्हणून ही तपासणीही सोबत करतात. तिचे नाव ऐकून दवाखान्यातून उठून येऊ नका.

भरत नाही ती जखम

एका गावात साठीच्या पुढची एक आजी होती. दोन वर्षे खाज, मग एक लहानशी जखम. "आता या वयात कोणाले दाखवू?" म्हणत तिने लुगड्याआड झाकून ठेवली. रक्त येऊ लागले, वास सुटला, तेव्हा सुनेला कळले. तो कर्करोग निघाला. लहान असताना दाखवला असता तर छोट्या शस्त्रक्रियेत निभावले असते. आता मोठी करावी लागली.

पिकलेल्या वयातल्या बाईची जखम, कडा टणक असलेली, उंचवटा किंवा गाठ असलेली, तीन आठवडे उलटूनही न भरलेली असेल तर तिचा लहानसा तुकडा काढून तपासावाच लागतो. तुकडा काढल्याने आजार पसरतो, हा समज चुकीचा आहे. ती जागा बधिर करून हे काम काही मिनिटांत होते.

डॉक्टर काय विचारतात, काय तपासतात?

जाण्याआधी मनाशी उत्तरे तयार ठेवा. जखम केव्हा झाली? एक की अनेक? दुखते का? आधी पाण्याचे फोड होते का? ताप आला होता का? तोंडात, डोळ्यांत काही? पूर्वी असे झाले होते का? कोणती गोळी घेतली, काय लावले? पाळी कधी आली, दिवस गेले आहेत का? नवऱ्याला असे काही आहे का? हे शेवटचे प्रश्न अपमान करण्यासाठी नसतात. निदान त्यांवरच अवलंबून असते.

मग जखम पाहतात, जांघेतल्या गाठी चाचपतात. गरजेप्रमाणे जखमेवरचा स्राव कापसाच्या काडीवर घेतात. रक्तात सिफिलिस, एचआयव्ही आणि साखर पाहतात. सिफिलिसची तपासणी अगदी सुरुवातीला कोरी येऊ शकते, म्हणून काही आठवड्यांनी ती पुन्हा करायला सांगितली तर टाळू नका.

डॉक्टर पुरुष असले तर तपासताना नर्सबाईला किंवा आपल्या सोबतिणीला जवळ ठेवण्याचा तुम्हाला हक्क आहे. तसे स्पष्ट सांगा. सोबत आलेल्या सासूसमोर किंवा नवऱ्यासमोर बोलायचे नसेल तर तेही सांगा.

आणखी एक जबाबदारीची गोष्ट. जखम लहान मुलीला असेल तर बहुधा ती तापाची, जंताच्या खाजेची, साबणाची असते. तरीही कोणी तिला त्रास दिला का, हे तिला प्रेमाने, एकटीला विचारावे लागते. दिला असेल तर दोष करणाऱ्याचा आहे, मुलीचा कधीच नाही. त्यासाठी २०१२ सालचा पोक्सो कायदा आहे आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन आहे.

उपचार कारणाप्रमाणे

हर्पीसवर असायक्लोविर जातीच्या गोळ्या देतात. त्या जितक्या लवकर सुरू होतील तितका आजार कमी दिवस टिकतो. विषाणू मुळासकट जात नाही, पण ताब्यात राहतो. गरोदर बाईने, विशेषतः दिवस भरत आले असताना फोड आले तर, डॉक्टरांना लगेच सांगावे. बाळंतपणात बाळाला धोका असतो.

सिफिलिसवर पेनिसिलिनचे इंजेक्शन हाच आजही सर्वांत भरवशाचा उपाय आहे. सुरुवातीच्या अवस्थेत एका वेळचे इंजेक्शन पुरते. ते दवाखान्यातच घ्यावे, कारण काहींना पेनिसिलिन सोसत नाही. शॅन्क्रॉइड, डोनोव्हॅनोसिस यांवर अझिथ्रोमायसिनसारखी जंतुनाशके आहेत. शरीरसंबंधातून लागलेल्या आजारात नवऱ्याचीही तपासणी आणि उपचार सोबतच हवेत. एका बांधीतले तण काढले आणि शेजारच्या बांधीतले तसेच ठेवले तर काय होते, हे शेतकऱ्याला मी काय सांगावे? जखम भरेपर्यंत संबंध टाळावा आणि पुढे निरोध वापरावा.

तापानंतरच्या जखमेला दुखणे कमी करणे, स्वच्छता आणि धीर एवढेच बहुधा पुरते. चामडीच्या आजारांवर डॉक्टर स्टेरॉइडचे मलम देतात. ते त्यांच्याच सांगण्याने लावायचे. दुकानातून 'खाजेची ट्यूब द्या' म्हणून आणलेल्या मलमांत पुष्कळदा स्टेरॉइड, बुरशीनाशक, जंतुनाशक सगळे एकत्र घातलेले असते. खाज दोन दिवस थांबते, पण चामडी पातळ होते, बुरशी माजते आणि जखमेचे खरे रूप झाकले जाते. तीन औषधे एका पंपात कालवून फवारू नका, असे आम्ही सांगतो. तेच इथे लागू.

घरी काय करावे?

पसरट टबात कोमट पाणी घेऊन त्यात चमचाभर मीठ विरघळवावे आणि दिवसातून दोन-तीनदा दहा मिनिटे बसावे. मग मऊ सुती कापडाने टिपून घ्यावे, घासू नये. लघवी करताना जागेवर तांब्याने कोमट पाणी सोडावे, म्हणजे आग कमी होते. पाणी भरपूर प्यावे. पाणी कमी प्यायल्याने लघवी दाट होते आणि आग वाढते. जखमेवर साधे व्हॅसलीन हलक्या हाताने लावता येते. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालते. कपडे सुती, सैल आणि वाळलेले असावेत. पाळीचे कापड धुऊन कडक उन्हात वाळवावे, लाजेने दुसऱ्या कपड्याखाली दडपू नये. जखमेला हात लावल्यावर हात धुवावेत, तसाच हात डोळ्यांना लावू नये.

हळद, चुना, कडुनिंब, डेटॉल, रॉकेल यांतले काहीही लावू नये. आतून धुऊ नये. शेजारणीच्या गोळ्या घेऊ नयेत.

लघवी पूर्ण अडकली, ताप फार चढला, जखम झपाट्याने काळी पडली, जांघेतली गाठ फुगली, अंगभर फोड आले, डोळा दुखून लाल झाला किंवा बाई गरोदर असली तर वाट पाहू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

कुठे जावे?

आधी आशाताईला किंवा उपकेंद्रातल्या नर्सबाईला सांगा. गावात कोणाला सांगायचे नसेल तर सरळ उमरेडच्या सरकारी रुग्णालयात जा. मोठ्या तपासणीसाठी नागपूरला मेडिकल, मेयो आणि स्त्रियांसाठी डागा ही सरकारी रुग्णालये आहेत. मोठ्या सरकारी रुग्णालयांत अशा आजारांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' असते. तिथे नाव बाहेर जात नाही. १०९७ या क्रमांकावर फुकट फोन करूनही माहिती विचारता येते.

बंधूंनो, शेवटचे दोन शब्द तुमच्यासाठी. गाय चारा खाईना तर तुम्ही अर्ध्या रात्री जनावरांच्या डॉक्टरचे दार ठोठावता. मी पाहिले आहे. घरची बाई चार दिवस वाकडी चालते, लघवीला जाताना ओठ चावते, ते तुम्हाला दिसत नाही असे नाही. विचारावे कसे, हे कळत नाही. मग एवढेच विचारा, "दुखते का? चल, दवाखान्यात जाऊ." पुढचे ती सांगेल.

त्या पोरीच्या जखमा पंधरा-वीस दिवसांत भरल्या, हे वर लिहिलेच. आजीचा शब्द मात्र भरायला वेळ लागला. एक दिवस तिचा बाप माझ्या ऑफिसात आला. हातात लाखोळीच्या डाळीची पिशवी होती. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मॅडम, मी पोरीसंगं पंधरा दिवस बोललो नाही जी. ती मले अजून बाबा म्हणते."

पोर आता पुन्हा शाळेत जाते. सकाळी बाप तिला सायकलवर डबलसीट नेऊन सोडतो. तो रस्ता माझ्या फिरतीवरच आहे. मला पाहून ती हात हलवते.